विनाशिकेच्या पोटातलं पेव

मी नौदलात होतो म्हटलं की गावाकडे पहिला प्रश्न ठरलेला. "कोनतं जहाज?" मी सांगतो, विनाशिका. मग कोणीतरी म्हणतंच, "विनाशिका? म्हणजे सासू का तुमची?" हशा होतो. मीही हसतो. पुढचं सांगणं त्यामुळे सोपं जातं.

सांगणं ठरलेलं होतं. विनाशिका म्हणजे लांब, निमुळती, वेगाची लढाऊ नौका. मोठ्या जहाजांच्या भोवती फिरून त्यांची राखण करायची, पाणबुडी हुंगायची, वरून येणाऱ्या विमानावर डोळा ठेवायचा. मेंढरांच्या कळपाभोवती कुत्रा असतो तशी, असं म्हटलं की आमच्याकडच्या देऊळघाटच्या म्हाताऱ्यालाही ती दिसायला लागते. आमची एका थंड मुलखात बांधलेली. मी तिच्यावर चढलो तेव्हा ती तरुण राहिली नव्हती. व्हॉल्व्हवर पितळी पट्ट्या होत्या, त्यांवर त्या देशाची उलटीसुलटी अक्षरं, आणि खाली आपल्या कोणीतरी रंगाने लिहिलेलं इंग्रजी. नव्या पोराला आधी त्या पट्ट्या पुसायला लावत. पुसता पुसता जहाज पाठ होई.

मग तिची नोकरी सांगायची. डोंगरात लढाई पेटली तेव्हा आम्ही समुद्रात दबा धरून होतो, एकही गोळी न झाडता, आणि घरचे मात्र रोज रेडिओला कान लावून. किनाऱ्यावर मोठी लाट आली तेव्हा आम्ही तांदूळ, पाणी आणि मढी झाकायला कापड नेलं. चाच्यांच्या समुद्रात व्यापारी जहाजांना सोबत केली. एकदा वादळात पुढचा डेक असा पाण्याखाली गेला की मेसमधला वरणाचा टोप छताला लागला. हे वरणाचं सांगितलं की बाया हसतात. शेवटी जहाज कसं निवृत्त झालं ते सांगायचं. संध्याकाळ, बिगुल, हळूहळू उतरणारा झेंडा. तिथे थोडा थांबायचो. लोकांना वाटे, ह्यांना भरून आलं.

त्या निवृत्तीला मी गेलो होतो. जुन्या खलाशांना बोलावलं होतं. लाऊडस्पीकरवर कोणी अधिकारी जहाजाची सगळी सेवा वाचत होता. किती समुद्र, कोणती बंदरं, कोणते सराव, कोणते कप्तान. मी मागे उभा राहून ऐकत होतो आणि एकाच गोष्टीची वाट बघत होतो. ती आली नाही. वाचन संपलं, टाळ्या झाल्या. मला आधी बरं वाटलं. ते बरं वाटलेलं आठवलं की आजही स्वतःची लाज वाटते. कारण जहाजाच्या इतिहासात जो माणूस आला नाही तो माझ्या हातून मेला होता, आणि त्याच्या मरणाचा दोष मी त्याच्याच अंगावर घातला होता.

तो आमच्याच जिल्ह्यातला. वरवट बकालच्या बाजूचा. फौजेत आपल्या मुलखातल्या माणसाला गिराई म्हणतात, आणि एवढ्या मोठ्या जहाजावर मला गिराई एकच होता. तो आला तेव्हा मी लीडिंग होतो, म्हणजे त्याच्यावर हुकूम चालवण्याइतका मोठा आणि त्याच्या बाजूला झोपण्याइतका लहान. आमचं खातं जहाजाच्या लोखंडी अंगाचं. गंज खरवडा, रंग लावा, टाक्या साफ करा. चारचौघांत हिंदी बोलायचो. दोघंच असलो की वऱ्हाडी सुटायची. तो मला दादा म्हणे. मी त्याला नुसतं बे.

दोघांच्याही घरी पेव होतं. आता पोरांना पेव सांगावं लागतं, म्हणून सांगतो. अंगणात नाहीतर पांढरीच्या, म्हणजे गावठाणातल्या, मातीत खोल खड्डा, तोंड लहान, पोट मोठं. त्यात ज्वारी भरायची, वर दगड ठेवून मातीनं लिंपायचं. धान्य आत बसून हवा खातं. म्हणून पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही. एक रात्र उघडं ठेवायचं. सकाळी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरेल. विझला तर आणखी थांबायचं. आमच्याकडे हे पोरांना चालायला शिकवावं तसं शिकवत.

जहाजाच्या तळाशीही असे कप्पे असतात. रिकामे, चहूबाजूंनी लोखंड, वर माणूस कसाबसा जाईल एवढं तोंड, आणि त्यावर बोल्टांनी आवळलेलं झाकण. त्यात धान्य नसतं, पण लोखंडाला गंज चढतो आणि गंजही हवा खातो. वास येत नाही, धूर नाही, काही नाही. म्हणून नियम असा की झाकण काढायचं, ब्लोअरने ताजी हवा आत सोडायची, मग मीटर घेऊन ज्याला अधिकार आहे तो हवा तपासणार, आणि त्याने हो म्हटल्यावरच माणूस उतरणार. हा नियम मला झोपेत विचारला असता तरी सांगितला असता.

त्या दिवसांत मोठ्या साहेबांची पाहणी होती. अशा वेळी जहाजावर सगळे एकमेकांवर खेकसत असतात. आमच्या वाट्याला मागच्या बाजूचा एक कप्पा होता. झाकण आदल्या दिवशी काढून ठेवलेलं. ब्लोअर दुसऱ्या कप्प्यात गुंतला होता. मीटरवाला वर कुठेतरी साहेबांच्या मागे. मला घाई होती. घाईचं कारण सांगू? काही नाही. पाहणी झाली की त्याच आठवड्यात मला रजा मिळणार होती, आणि माझा कप्पा मागे राहिला असं कोणी म्हणू नये एवढंच.

तो तोंडाशी उकिडवा बसला होता. हातात गंज ठोकायची हातोडी.

"दादा, ब्लोअर नाही लावाचा?"

"ब्लोअर तिकडं गुतला हाय. हे कालपासून उघडंच हाय ना?"

"हाव. काल सकायपासून."

"मग? तुह्या घरचं पेव किती वेळ उघडं ठेवत होते?"

"एक रात. पन मंग कंदील सोडत ना, दादा."

"इथं कंदील सोडशील त साहेब तुलेच सोडीन समुद्रात. उतर बे."

तो हसला. खरंच हसला, दात दिसतील असा. हातोडी कमरेला खोचली आणि उतरला.

मी तोंडाशीच होतो. तेवढं तरी खरं. हातोडीचे ठोके ऐकू येत होते. मग थांबले. मला वाटलं, जागा बदलतोय. मी म्हटलं, "काऊन बे, झोपला का?" आवाज आत गेला आणि परत आला. मी डोकं आत घातलं. कसलाच वास नव्हता. टॉर्चच्या उजेडात त्याचा पाय दिसला, बूट दिसला, आणि त्याच क्षणी मला सगळं कळलं. पुढे लोक म्हणाले की असं होईल हे कोणाच्या ध्यानात येणार. माझ्या आलं होतं. मी अर्धी रीत पाळली होती आणि अर्धी थट्टेवारी नेली होती.

मी उतरलो नाही. नियमानेही उतरायचं नसतं, उतरणारा दुसराही मरतो. मी ओरडत धावलो. तोंडाला हवेचे मुखवटे लावलेली माणसं आली, त्याला दोरीने वर काढलं. डेकवर आडवा केला, छाती दाबली. डॉक्टर बराच वेळ उठला नाही. मग उठला.

चौकशी झाली. टेबलापलीकडे तीन साहेब. मधल्याने विचारलं, उतरायला कोणी सांगितलं? मी म्हटलं, "मैंने रुकने को बोला था, सर. वो उतर गया." हे मी आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. पण एकदा निघाल्यावर मला ते परत घ्यायची संधी होती. साहेबाने पुन्हा विचारलं होतं, पक्का? मी म्हटलं, पक्का. चौकशी करणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्या तोंडाशी दोघंच होते, त्यातला एकच बोलू शकत होता.

इथवरचं एक वेळ माणूस भीतीच्या खात्यावर टाकेल. पुढचं टाकता येत नाही.

मढं घरी नेताना सोबत मुलखातला माणूस देतात. भाषा कळावी म्हणून, आणि घरच्यांना आपला वाटावा म्हणून. मला दिलं. एक तरुण अधिकारी आणि मी. शेगावला गाडीतून उतरवलं. स्टेशनावर दर्शनाला आलेली गर्दी होती, पेटी बघून लोक बाजूला झाले, कोणी हात जोडले. तिथून गाडीने त्याच्या गावी. सगळं गाव रस्त्यावर. शाळेतली पोरं ओळीत उभी केलेली.

त्याचा बाप दारात उभा होता. बेताची शेती, ताठ मान, धोतर, डोक्याला पटका. रडत नव्हता. अधिकाऱ्याने सॅल्यूट केला, इंग्रजी-हिंदीत सांगितलं की कर्तव्यावर असताना अपघात झाला, आम्हाला त्याचा अभिमान आहे. एवढंच. त्या भल्या माणसाने त्यापुढे काही सांगितलं नव्हतं. बापाने ते ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तुमी आपल्याकडचे ना? मंग मले आपल्या बोलीत सांगा. कसं झालं?"

मी म्हटलं, "बाबा, मी थांब म्हनलो होतो. तो थांबला नाही."

"आईकलं नाही तुमचं?"

"नाही."

बापाने मान हलवली. "लहानपनापासून तसाच," तो म्हणाला. हे तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. मला त्या क्षणी वाटलं होतं, बरं झालं, त्याला पटलं.

त्याच्या घरच्यांना मिळायचं ते सगळं मिळालं, पैशाअडक्याचं काही अडलं नाही. अडलं ते निराळंच. मला ते कळायला वीस-बावीस वर्षं लागली.

मी निवृत्त होऊन बुलढाण्यात राहायला आलो. मुलं शिकली. बायकोला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला वाटे, जहाजावर मित्र गेला म्हणून हा माणूस कमी बोलतो. वरवट बकालच्या बाजूला मी कधी गेलो नाही. शेगावला जायचं तर दर्शन घेऊन सरळ परत.

गेल्या हिवाळ्यात त्या गावच्या शाळेतून मुख्याध्यापकांचा फोन आला. कोणाकडून तरी माझ्या भाषणाचं ऐकलं होतं. "सर, आमच्या गावचाही एक मुलगा त्याच जहाजावर होता म्हणे. तुम्ही जहाजाचा इतिहास सांगा, पोरांना स्फूर्ती मिळेल." नाही म्हणायला कारण सुचेना, म्हणून हो म्हटलं. जाताना बसमध्ये स्वतःची समजूत घालत होतो की म्हातारा-म्हातारी आता कुठली असायला.

दोघंही होती. म्हातारा प्लास्टिकच्या खुर्चीवर, काठी दोन्ही हातांनी धरून. म्हातारी बायांमध्ये सतरंजीवर. मी माइकवर विनाशिका सांगितली, राखण सांगितली, लाट, वादळ, वरणाचा टोप. झेंडा उतरवला. टाळ्या झाल्या. मला नारळ दिला. म्हातारा काठी टेकत आला आणि म्हणाला, "घरी चला. चहा घ्या."

घर तेच. दार तेच. आत भिंतीवर देवांच्या तसबिरी, थोरल्या मुलाच्या लग्नाचा फोटो, नातवंडं. त्याचा कुठेच नव्हता. गणवेशातला एक फोटो आम्ही मढ्यासोबत आणला होता, मीच दिला होता हातात. मी भिंती बघतोय हे म्हातारीने बघितलं.

"तुमी जहाजाचं सगळं सांगतलं, भाऊ," ती म्हणाली. "भात वाटला ते सांगतलं, वरन सांडलं ते सांगतलं. माह्या लेकराचं एक अक्षर नाही."

"काय सांगतील ते?" म्हातारा म्हणाला. "आईकलं नाही अन् मेला, हे सांगतील का पोराईले?"

"वीस वर्सं झाले, तुमी हेच म्हनता."

"मंग काय म्हनू? घरात कोनी पोरगं उलटून बोललं की मी हेच म्हनतो. त्या जहाजवाल्यावानी मरशीन. खोटं हाय का ते?" मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून, "तुमचे उपकार हायेत, भाऊ. तुमी अडवलं होतं. पन एक गोष्ट मले अजून कयत नाही. त्याले पेवात उतराले मी शिकवलं. सात-आठ वर्साचा होता. कंदील हाती देऊन शिकवलं. कंदील सोडल्याबिगर तो कधी उतरला नाही, मी शेतात असलो तरी नाही. तिथं कसा उतरला? एवढा मुजोर झाला होता का तो, जहाजावर जाऊन?"

चहा समोर आला होता. मी कप उचलला आणि खाली ठेवला. वीस वर्षं हा माणूस आपल्या पोराला मुजोर म्हणत होता, आणि तरी रोज कुठेतरी तो कंदील त्याला आडवा येत होता. त्याला खरं अर्धं ठाऊक होतं. उरलेलं अर्धं माझ्याकडे होतं.

"त्यानं विचारलं होतं, बाबा," मी म्हटलं.

"काय विचारलं होतं?"

"कंदिलाचं. मंग कंदील सोडत ना दादा, असं म्हनला होता तो. मी थांब म्हनलो नाही. मीच म्हनलो, उतर."

सून परातीत कणीक मळत होती, तिचे हात थांबले.

"मंग दारात तुमी सांगतलं ते?"

"खोटं सांगतलं."

म्हाताऱ्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. "तो कंदिलाचं म्हनला," तो म्हणाला, "तवा तुमी काय म्हनले? जसं म्हनले तसं सांगा."

मला वाटलं, हे तरी विचारू नये. पण विचारलं होतं. मी सांगितलं. इथं कंदील सोडशील त साहेब तुलेच सोडीन समुद्रात. त्या घरात तो विनोद ऐकताना मला माझाच आवाज परका वाटला.

"मंग तो काय म्हनला?"

"काही नाही. हसला. आन् उतरला."

"हसला?" म्हातारी म्हणाली. मग सुनेकडे वळून, जणू तिला ऐकू आलं नसेल, "हसला म्हनते व." तिने पदर तोंडाला लावला. ते रडणं होतं का, मला सांगता येणार नाही.

म्हातारा उठला. मला वाटलं, काठी उगारेल. उगारली असती तर बरं झालं असतं. तो दारापर्यंत गेला आणि म्हणाला, "इकडं या."

मी गेलो.

"इथंच उभे होते तुमी. गाव समोर होतं. आत काय सांगता मले? इथून सांगा."

दुपार होती. समोरच्या ओट्यावर दोन म्हातारे बसलेले, एक बाई तूर निवडत होती, मोटारसायकलवर कोणी तरणा माणूस फोनवर बोलत होता. म्हाताऱ्याने काठी दगडावर आपटली. "ओ, आईका इकडं. हे काय म्हनतात ते आईका."

मी बोललो. त्याचं नाव घेऊन बोललो. तो मुजोर नव्हता, त्याने विचारलं होतं, मी त्याला उतरवलं आणि इथे ह्याच दारात खोटं बोललो. आवाज फार मोठा निघाला नाही. मोटारसायकलवाल्याने फोन कानावरून काढला आणि पुन्हा लावला. तूर निवडणारी बाई उठून आत गेली. ओट्यावरच्या एका म्हाताऱ्याने दुसऱ्याला विचारलं, "कोनाचं पोरगं म्हनते?" ज्यांच्यासमोर मी खोटं बोललो होतो त्यांतले बहुतेक गेले होते. जे होते त्यांना आता नीट आठवत नव्हतं. खोटं गावभर पसरलं होतं, खरं ऐकायला ओट्यावर दोघं उरले होते.

"जा आता," म्हातारा म्हणाला. "पुना येऊ नका."

मी चप्पल घालत होतो तेव्हा आतून म्हातारीचा आवाज आला, नवऱ्याला उद्देशून. "त्याचा फोटो कुठं ठेवला जी तुमी?"

म्हातारा रस्त्याकडे बघत राहिला.

"मी विचारून राह्यली ना. कुठं ठेवला?"

"जाळला," म्हातारा म्हणाला. "तवाच जाळला. तेरवीच्या दिवशी." आणि तो दाराच्या चौकटीला टेकून खाली बसला, माझ्यासमोर, एवढा ताठ माणूस.

म्हातारी बाहेर आली. माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या पिशवीकडे बघितलं, ज्यात शाळेचा नारळ होता. "तुमच्यापाशी हाय का एखांदा?" ती म्हणाली. "जहाजावरचा?"

माझ्यापाशी एकच होता. डेकवर काढलेला, दोघांचा. तो उन्हाने डोळे बारीक करून बघतोय, बाजूला मी, माझा हात त्याच्या खांद्यावर. बुलढाण्याला येऊन मी तो ट्रंकेतून काढला. बायकोने विचारलं तेव्हा तिलाही सगळं सांगितलं. ती त्या दिवशी जेवली नाही. आजही ती माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि ते बरोबरच आहे.

फोटो स्टुडिओत नेला. म्हटलं, ह्याचा एकट्याचा मोठा करून द्या. स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर मला बाजूला कापलं. मी गेलो, हात राहिला. त्याच्या खांद्यावर चार बोटं. "राहू द्यायचा का?" तो म्हणाला. "छान वाटतं, जवळचं कोणीतरी असल्यासारखं."

मी म्हटलं, काढा. त्या भिंतीवर माझं बोटही नको.

त्याने काढला. खांद्यावरचं पांढरं कापड शेजारच्या कापडावरून भरून घेतलं. नीट बघितलं तर तेवढी जागा जरा सपाट दिसते. मी फ्रेम करून एसटीने पाठवली, सोबत काही लिहिलं नाही. आठवड्याने अनोळखी नंबरवरून फोन आला. मी हॅलो म्हटलं. पलीकडे बराच वेळ श्वास ऐकू येत होता, म्हाताऱ्या माणसाचा, जिना चढून आल्यासारखा.

"फोटो मियाला," म्हातारा म्हणाला, आणि फोन ठेवला.